उंबराची वही

आमच्या घराच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि गटार यांच्या मधल्या हातभर जागेत एक उंबर उभा आहे. तो कुणी लावलेला नाही. पाखराच्या नाहीतर वटवाघळाच्या विष्ठेतून बी पडलं, भिंतीच्या भेगेत रुजलं, आणि माझ्या नोकरीच्या बदल्या गावोगाव चालू असताना ते झाड आपलं आपण दुमजली झालं. सांगलीत विश्रामबागेकडे अशी आपोआप आलेली उंबराची, पिंपळाची झाडं बऱ्याच भिंतींना धरून आहेत. गेल्या वर्षापासून मी आणि माझी बायको या एका झाडाची दर आठवड्याला नोंद ठेवतो. त्याबद्दल लिहावं असं फार दिवस मनात आहे, कारण आमच्या घरातल्या सगळ्यात अवघड काळात या कामाने आम्हाला धरून ठेवलं.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी हिला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. ‘पाणी हवं का’ विचारलं की मान हलायची, मुलीचा पुण्याहून फोन आला की डोळे भरायचे, पण तोंडाशी आलेला शब्द बाहेर पडायचा नाही. पडलाच तर भलता पडायचा, आणि तो भलता आहे हे तिला कळायचं. तिच्या चेहऱ्यावरचं ते कळणं मला सहन होत नसे.

दवाखान्यातून घरी आणल्यावर दिवसाचे तुकडे झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब. गोळ्या. घास बारीक आणि सावकाश, ठसका लागू द्यायचा नाही. भेटायला येणारे प्रारब्धाबद्दल बोलायचे, धीर द्यायचे, केळी ठेवून जायचे. रात्री जाग आली की एकच प्रश्न समोर उभा राहायचा: आता हे सगळं कशासाठी? मी प्रवचनं ऐकली. त्यांत चुकीचं काही नव्हतं. पण पहाटे ओली चादर बदलताना त्यातलं एक वाक्य हाताशी यायचं नाही.

झाडाची गोष्ट फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीमुळे सुरू झाली. हिचा पलंग तिने खिडकीकडे फिरवायला लावला, उजेड यावा म्हणून. खिडकीत उंबर. व्यायाम घेता घेता ती म्हणाली, ‘काका, आमच्या कॉलेजात एका झाडाची दर आठवड्याला नोंद ठेवायचो आम्ही. तुम्ही दोघं या झाडाची ठेवा ना. काकूंना बघायला काहीतरी होईल.’ सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे, त्यात शाळेतली मुलं आणि मोठी माणसं हेच करतात: एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा नीट बघायचं, आणि पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढंच लिहायचं. जगात अशा नोंदी फार जुन्या आहेत. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या मिळतात. बाराशे वर्षं कुणी ना कुणी ‘या वर्षी अमक्या दिवशी बहर’ असं लिहून ठेवत आलं, हे ऐकून माझ्यातला कारकून हलला.

हिच्या औषधांची वही होतीच. डाव्या पानावर रक्तदाब, साखर, व्यायाम. उजवं पान कोरं असायचं, तिथे झाड आलं. रविवारी सकाळी चहा झाला की बसायचं. सुरुवात संक्रांतीच्या सुमाराला केली, तेव्हा झाड पानं टाकत होतं. पिवळी, भोकं पडलेली, गटारावर पसरलेली. मग काही आठवडे फांद्या जवळजवळ उघड्या. पालवी: नाही. फळं: नाही. बँकेत शाखेकडून महिन्याचं विवरण जायचं तेव्हा सांगण्यासारखं काही नसलं तरी ‘निरंक’ लिहून पाठवावं लागे. रकाना मोकळा सोडायची सोय नव्हती. मी उजव्या पानावर निरंक लिहायला लागलो. डाव्या पानावर, ‘उजव्या हाताची बोटं’ या ओळीपुढे, तोच शब्द असायचा. पण शेजारच्या पानावर तो झाडापुढेही होता, आणि झाड मेलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दोन पानांनी मला जो धीर दिला तो कुणाच्या बोलण्याने मिळाला नव्हता.

पालवी आली ती तांबूस, तकतकीत, आणि आठ-दहा दिवसांत हिरवी झाली. त्याच सुमाराला खोडावर, थेट जाड सालीतून, बारीक हिरव्या गाठींचे घोस दिसायला लागले. उंबराचं फळ असं खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आतच फुलं असतात, हजारोंच्या संख्येने. बाहेरून दिसत नाहीत म्हणून क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. हे मला शाळेपासून माहीत होतं. बघितलं कधीच नव्हतं.

सह्या तपासायचं एक भिंग माझ्याकडे निवृत्तीनंतरही राहिलं होतं. ते घेऊन स्टुलावर चढलो. कोवळ्या उंबराच्या टोकाला एक ठिपका असतो, डोळ्यासारखा. भिंगातून तो ठिपका म्हणजे एकावर एक दाटीने बसलेले खवले आहेत असं दिसतं. आणि काही उंबरांच्या त्या खवल्यांत अडकलेले पंख होते. नुसते पंख, पारदर्शक, तिळाएवढेही नाहीत. मुलीने फोनवर शोधून वाचून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक इवलीशी माशी असते, दोनेक मिलिमीटरची. तिची मादी त्या खवल्यांतून अंग दाबत आत घुसते, आणि घुसताना तिचे पंख तुटून दाराशीच राहतात. बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही. आत ती काही फुलांमध्ये अंडी घालते, अंगावर आणलेले परागकण बाकीच्या फुलांना लावते आणि तिथेच मरते. उंबर सोडून तिला दुसरं घर नाही, आणि तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही.

यावर आमच्या नात्यातल्या एकांनी लगेच आईच्या त्यागाचा दृष्टान्त काढला. मला तो पटला नाही. त्या माशीने कुणासाठी काही सोडलेलं नाही, ती तिचं जगणं पूर्ण करते आहे. तिला आपल्या सुविचाराच्या फळ्यावर लिहिलं की ती दिसेनाशी होते. मला ती दिसायला हवी होती.

एका घोसाला मी लाल लोकर बांधली, म्हणजे पलंगावरून हिलाही तोच घोस ओळखता यावा. दर रविवारी त्याच्या शेजारच्या घोसातलं एक उंबर काढायचं, स्टीलच्या ताटलीत ठेवून ब्लेडने दोन भाग करायचे आणि बघायचं. कोवळं असताना आत फिकट गुलाबी फुलांचं अस्तर. मधल्या काळात आत पाणी साठलेलं, आणि फुलांच्या जागी फुगलेले दाणे. काही दाण्यांत बी, काहींत माशीचं पिल्लू. हिरवेपणात काही फरक नाही, आकार जरासा वाढलेला. बाहेरून बघणाऱ्याने ‘जैसे थे’ म्हटलं असतं.

मग एका रविवारी उंबर कापलं आणि ताटली हलायला लागली. आधी दिसले ते नर: पिवळट, बिनपंखी, वाकडे, आंधळ्यासारखे चाचपडणारे. हे आधी जन्मतात, दाण्यांत बसलेल्या माद्यांशी तिथेच जुगतात, मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीला आतून भोक पाडतात आणि बहुतेक त्यातच संपतात. त्या भोकातून परागकण घेतलेल्या माद्या बाहेर पडतात. आमच्या ताटलीत त्या काळसर, चकचकीत, पंख झटकत दाण्यांमधून वर येत होत्या. मी भिंग हिच्या डाव्या हातात दिलं. ती फार वेळ बघत राहिली. एवढा वेळ एका गोष्टीकडे तिने झटक्यानंतर प्रथमच बघितलं असेल. मग तिने भिंग खाली ठेवलं, माझं मनगट धरलं आणि ताटली खिडकीकडे ढकलायला लागली. मला आधी कळेना. तिने पुन्हा ढकललं, जोरात, तोंडाने ‘ह्यँ, ह्यँ’ असा आवाज करत. मी ताटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. माद्या कडेवर चढल्या आणि एकेक करून हवेत गेल्या.

या माद्यांचं बाहेरचं आयुष्य एखाद-दुसऱ्या दिवसाचं असतं. तेवढ्यात त्यांना कोवळ्या अवस्थेतलं दुसरं उंबर गाठायचं असतं. हे मी हिला नंतर वाचून दाखवलं. तिने मान हलवली, तिला हे ताटली बघतानाच कळलं होतं अशा अर्थाने.

बोलण्याच्या उपचारासाठी ज्या बाई यायच्या त्यांनी सांगितलं होतं की अशा आजारात स्वतःहून शब्द सुचत नाही, पण पाठ झालेल्या साखळ्या कधीकधी शाबूत असतात: वार, महिने, अंक, रोजचं देवाचं नाव. आम्ही अंक धरले. लाल लोकरीच्या घोसातली उंबरं मी बोटाने दाखवायची आणि दोघांनी मोजायची. ‘एक, दोन’ मी म्हणायचो, आणि तिसऱ्यापासून तिचा आवाज लागायचा. सातापर्यंत येऊन अडखळायची, पुन्हा एकपासून. तिला ‘चमचा’ म्हणता येत नव्हतं तेव्हा ती उंबरं मोजत होती. माझ्या आयुष्यात मी लाखो रुपये मोजले असतील. त्या सकाळच्या सात आकड्यांइतकं काळजीपूर्वक काहीच ऐकलं नसेल.

उन्हाळ्यात उंबरं पिकली. हिरवी, मग पिवळट, मग विटकरी लाल. माद्या निघून गेल्या की मगच ती मऊ आणि गोड होतात, म्हणजे झाड पाखरांना बोलावतं ते माशांची पाठवणी झाल्यावर. पाखरांनी झाड भरून गेलं. तांबट तर मुक्कामालाच होता, वाळक्या फांदीत ढोली करून, दिवसभर तांब्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज. साळुंक्या, बुलबुल, कोकीळ. एकदा सकाळी हिरवट-पिवळी, जाड मानेची कबुतरं आली, पायही पिवळे. तो हरियाल, आपला राज्यपक्षी. मी तोवर तो फक्त स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात बघितला होता. रात्री वटवाघळं. हिला झोप लागायची नाही तेव्हा आम्ही दिवा मालवून त्यांच्या पंखांची फडफड ऐकत बसायचो.

खाली मात्र सडा पडायचा. पिकलेली उंबरं फुटतात, आंबतात, त्यांवर चिलटं घोंगावतात. शेजाऱ्यांची तक्रार आली, झाड काढूनच टाकू असं बोलणं झालं. शहरी भागातलं झाड असं परस्पर तोडता येत नाही, १९७५ च्या राज्याच्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे मी सांगितलं. शिवाय उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याला कुऱ्हाड लावायला कुणाचा हात होत नाही. पण कायदा आणि श्रद्धा यांनी सडा निघत नाही. मी रोज सकाळी खराटा घेऊन गल्लीपर्यंत झाडायला लागलो आणि उंबरं टोपलीत भरून शेळ्यावाल्या मावशींना द्यायला लागलो. विषय मिटला. त्या झाडण्यातही मला गोडी लागली. कुठल्या फांदीखाली आज जास्त पडलीत, कुठली अर्धवट पोखरलेली आहेत, हे खराट्याच्या एका फेरीत कळतं. एकदा मी झाडत असताना वरून एक उंबर टपकन पडलं आणि खिडकीतून आवाज आला, ‘पडलं.’

स्पष्ट. जागच्या जागी, बरोबर शब्द. मी खराटा टाकून आत गेलो. तिलाही आश्चर्य वाटलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ ‘पडलं, पडलं’ म्हणत होतो.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. निसर्गाने आजार बरे होतात असं हल्ली फार बोललं जातं. हिचा पाय उंबराने चालवला नाही. त्या फिजिओथेरपीच्या मुलीने आणि हिच्या स्वतःच्या जिद्दीने चालवला. बोलणं उपचारवाल्या बाईंनी आणलं, जेवढं आलं तेवढं. उजवा हात अजून पुरता आलेला नाही. झाडाने काय केलं, तर येणाऱ्या रविवारची वाट बघायला लावली. जो प्रश्न मला रात्री छळायचा त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण घोसातली किती उंबरं रंगाला आली हा प्रश्न त्याच्या आधी उभा राहायला लागला, आणि त्याचं उत्तर उजाडल्यावर खिडकीत मिळायचं. मग पहाटेची चादर बदलणंही त्याच नजरेने व्हायला लागलं. पाठीवरचा लालसर ठिपका काल केवढा होता, आज केवढा आहे. डाव्या पानावरच्या नोंदी लांब आणि बारीक होत गेल्या, आणि डॉक्टरांना त्यांचा उपयोग झाला.

पावसाळ्यात पानांवर गुलाबी-हिरवे फोड आले. उंबराची पानं अशी फोडांनी भरलेली सगळ्यांनी बघितली असतील. तोही एका मावावर्गी किड्याचा प्रताप असतो, पिल्लं त्यात वाढतात. कोवळ्या फळांवर बसलेल्या काही माश्यांना शरीरापेक्षा लांब शेपटी दिसली. ती शेपटी नसून अंडी घालायची सुई आहे. ही दुसऱ्या जातीची माशी आत न शिरता बाहेरूनच उंबराची भिंत भेदते आणि आतल्या पिल्लांवर आपली अंडी टाकते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की या सुईच्या टोकाच्या दात्यांमध्ये जस्त असतं, म्हणून ती झिजत नाही. भोवती काळे मुंगळे या माश्यांवर टपलेले. केसापेक्षा बारीक सुई झाडात रुतवून ती अडकून बसलेली असताना मुंगळा येतो. हिने भिंगातून हे बघून डोळे मिटून घेतले होते.

हिचं माहेर भिलवडी. कृष्णेच्या अलीकडे भिलवडी, पलीकडे औदुंबर. लहानपणी नावेतून पलीकडे जायचं, घाटावर उंबरांच्या सावलीत बसायचं, हे ती मला लग्न झाल्यापासून सांगत आली. नृसिंह सरस्वतींचा चातुर्मास तिथे झाला अशी परंपरा आहे. त्यामुळे उंबर तिच्यासाठी आधीपासून देव. मला प्रश्न पडायचा की कापलेल्या उंबरातले किडे बघून तिला काय वाटत असेल. दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर आम्ही गाडी करून औदुंबरला गेलो. चौपायी काठी घेऊन ती पारापर्यंत चालली, मी मागे. नमस्कार केला, डाव्या हाताने. आणि मग माझ्या खिशाकडे बोट. भिंग. लोक प्रदक्षिणा घालत होते, आणि ही खालच्या फांदीवरच्या घोसाच्या डोळ्यांतले पंख शोधत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ‘काय बघताय ओ बाई?’ हिने थोडा वेळ घेतला. म्हणाली, ‘दार.’

वराहमिहिराने सहाव्या शतकात जमिनीखालचं पाणी ओळखायच्या खुणा सांगितल्या, त्यांत उंबर आहे. परतताना मी तिला हे सांगत होतो, ती खिडकीतून रस्त्याकडेचे उंबर मोजत होती.

वही आता दुसरी चालू आहे. उजव्या पानावरच्या खुणा ती करते, डाव्या हाताने. ‘भरपूर’साठी दोन रेघा, ‘थोडी’साठी एक. निरंकसाठी गोल, तो अजून नीट मिटत नाही.

सध्या आमच्यापुढे वेगळंच काम आहे. आमच्या झाडाची उंबरं बहुतेक एकाच वेळी एका अवस्थेत असतात. म्हणजे आमच्या खिडकीतून उडालेल्या माद्यांना आमच्या झाडावर कोवळं उंबर मिळत नसणार, आणि आमच्याकडे आलेल्या माद्या दुसरीकडून आल्या असणार. कुठून? आफ्रिकेत नामिबियातल्या अशाच एका झाडाच्या माश्या वाऱ्याबरोबर दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातात, असं २००९ मध्ये सिद्ध झालं आहे. आम्ही शोध जवळून सुरू केला. रेल्वे रुळाच्या बाजूला एक जुना उंबर आहे, तिथवर चाकाच्या खुर्चीने पंधरा मिनिटं लागतात. गेल्या रविवारी आमचा घोस माद्या सोडायच्या बेतात होता आणि तिथल्या फांद्यांवर नुकत्या गाठी धरत होत्या. हिने दोन्ही झाडांच्या ओळींमध्ये एक बाण काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तिसरं शोधा, अहो.’